साडेनऊ सेंटीमीटरवरची निळी रेघ

माझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी असते. लग्नकार्यातही असते. बायको म्हणते, "नवरदेवाचं माप घ्यायला चाललाय काय?" पंचवीस वर्षांची सवय, आता जात नाही. रंगीत कॉपिअर दुरुस्त करणाऱ्याला स्क्रू-ड्रायव्हर नंतर लागतो, पट्टी आधी. का, ते सांगतो.

कॉपिअरच्या पोटात जे काही महत्त्वाचं आहे ते गोल आहे आणि फिरतं आहे. चार रंगांचे चार ड्रम, कागद दाबणारे रूळ, शाई वितळवून कागदावर पक्की करणारा गरम रूळ. ह्यातल्या एखाद्यावर बारीकसा ओरखडा पडला, की तो प्रत्येक फेऱ्याला कागदावर उमटतो. म्हणजे एकाच पानावर तोच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतो. प्रत्येक रुळाचा घेर वेगळा. दोन डागांमधलं अंतर मोजायचं, की कुठला रूळ दुखतोय ते कळतं. डाग निळा असेल तर निळ्या रंगाचा ड्रम, सगळ्या रंगांत असेल तर पुढचं काहीतरी. ह्यापलीकडे आमची विद्या फार नाही. बाकी सगळं फडक्याने पुसणं आणि लोकांचं ऐकून घेणं.

संपादकांनी लेख मागताना सांगितलं, "म्हात्रे, गमतीजमती लिहा." लिहितो. पण एक गोष्ट गमतीची नाही, तीही लिहिणार आहे. माझ्यामुळे एका बाईंची जागा गेली होती. बारा वर्षं मी ते कुणाला बोललो नाही. मी मुळात कमी बोलणारा. मशीनशी बोलावं लागत नाही, म्हणून तर हा धंदा बरा वाटला.

आधी गमती.

वाशीला एका सी. ए. च्या ऑफिसात दर आठवड्याला तक्रार यायची, की कॉपीवर उभी काळी रेघ येते. मी जायचो, पुसायचो, रेघ जायची. पुढच्या सोमवारी पुन्हा फोन. पाचव्या खेपेला मी नुसता कोपऱ्यात बसून राहिलो. साडेअकराला एक गृहस्थ आले, कागदावरची चूक पांढऱ्या व्हाइटनरने खोडली, फुंकर मारली आणि ओलाच कागद वरच्या फीडरमध्ये सारला. फीडरमधून जाणारा कागद काचेच्या एका अरुंद पट्टीवरून सरकतो. त्या पट्टीवर मोहरीच्या दाण्याएवढा व्हाइटनर लागला, की सगळ्या कॉप्यांवर वरपासून खालपर्यंत रेघ. वाचकांसाठी फुकटचा सल्ला: कॉपीवर रेघ आहे पण कॉम्प्युटरवरून काढलेल्या प्रिंटवर नाही, तर इंजिनिअरला बोलावू नका. काच पुसा. आमचे निम्मे कॉल वाचतील. हे मी नोकरीत असताना सांगितलं असतं तर नोकरी वाचली नसती, ते वेगळं.

दुसरे उलव्याच्या बाजूचे एक बिल्डर. आमच्याच खाडीकाठचे, बापाने मिठागरावर काम केलेलं, आता गळ्यात बोटाएवढी चेन. त्यांची तक्रार अशी, की माहितीपत्रकातलं गवत पुरेसं हिरवं येत नाही. मी पिवळा वाढवला, निळा वाढवला, पंधरा पानं काढली. शेवटी वैतागून विचारलं, "शेठ, साइटवर तरी एवढं हिरवं आहे का?"

ते म्हणाले, "साइटवर नाय, म्हनून तं कागदावर पायजे ना भावा!"

पावसाळ्यात तर अख्ख्या नवी मुंबईची एकच तक्रार. खाडीची हवा, कागद ओलसर होतो, शाई धरत नाही, पानावर फिकट ढग येतात. लोक मशीनला शिव्या घालतात. मी कागदाचं फोडलेलं पुडकं उचलून दाखवायचो: "हे पापड वाळवल्यासारखं उघडं का ठेवलंय?" बेलापूरच्या एका कंपनीत मात्र हे कधी सांगावं लागलं नाही. तिथे कागदाचं कपाट बंद असायचं आणि आत एक लहानसा बल्ब पेटता ठेवलेला असायचा, हवा कोरडी राहावी म्हणून. ही युक्ती माझी नव्हती. तिथलं मशीन सांभाळणाऱ्या बाईंची होती.

लांबण लावतोय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. सांगतो आता.

ती मालवाहतुकीची कंपनी. बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचे कागद तिथे तयार व्हायचे, म्हणून मशीन दिवसभर चालू. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. तेव्हा चाळिशीच्या आतल्या असतील. माहेर-सासर दोन्ही मराठवाड्यातलं, राहायला जुईनगरला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. टेबलावर बुद्धाची बोटभर मूर्ती, शेजारी एक पत्र्याचा डबा. कॉपीला कागद आणणाऱ्याने स्टेपलच्या पिना काढून आधी त्या डब्यात टाकायच्या, मगच कागद ताईंच्या हातात द्यायचा. साहेब असो की शिपाई. एकदा मॅनेजर वर्तकसाहेबांनाच त्यांनी परत पाठवलेलं मी पाहिलं. "साहेब, दोन पिना आहेत. एक तुम्हाला दिसली, एक मला."

अशा माणसावर ऑफिसात प्रेम कमीच असतं. अकाउंट्समधले नाईक मागे म्हणायचे, "मशीन काय माहेराहून आणलंय का हिने?" मला मात्र त्या आवडायच्या. मी गेलो की खराब प्रिंट तारखेवार लावून ठेवलेल्या असायच्या. कुठल्या वेळी आलं, कुठला कागद होता, सगळं मागे पेन्सिलीने लिहिलेलं. दुसरीकडे लोक सांगायचे, "काहीतरी होतंय बघा." ताई सांगायच्या, "सकाळी पहिल्या दहा पानांना होतं, मग थांबतं." अर्धं काम तिथेच व्हायचं.

त्या वर्षी खंडेनवमीला वर्तकसाहेबांचा फोन आला. "म्हात्रे, मशीनची पूजा आहे, तुम्हीच करा. तुमच्याशिवाय कोण?" कंपनीचा आम्हाला नियम होता, की गिऱ्हाइकाच्या पूजेत मशीनला हात लावायचा नाही. पण मान मिळत होता. मी गेलो. झेंडूचं तोरण झालं, नारळ झाला. ताई पूजेला उभ्या राहायच्या नाहीत, कुणाला अडवायच्याही नाहीत. पेढ्यांचा बॉक्स उघडून बाजूला ताटल्या लावत होत्या.

मग कोणीतरी म्हणालं, "आत काय असतं हो ह्याच्या?" आणि मला चेव आला. मी पुढचा दरवाजा उघडला. चार रंगांचे चार ड्रम, निळ्याला हात घालून वीतभर बाहेर ओढून दाखवला. सगळे वाकून बघायला लागले. मी बोलत होतो, आणि मला बोलायला आवडतंय हे मला त्या दिवशी कळलं. वर्तकसाहेब म्हणाले, "उघडाच आहे तर आतूनच पूजा होऊ द्या." ओल्या कुंकवात भिजलेल्या अक्षता माझ्या हातात होत्या. त्या मी टाकल्या. आत. ड्रम सरकवला, दरवाजा लावला, टाळ्या झाल्या, पेढा खाल्ला.

दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी कॉल. प्रत्येक पानावर जिऱ्याएवढी निळी रेघ. पट्टी काढली: साडेनऊ सेंटीमीटर. निळा ड्रम. ओरखडा पडला होता. बदलला. नव्या ड्रमच्या पहिल्या पानावर तीच रेघ. मी म्हटलं, ड्रमच सदोष आला असेल, होतं असं. दोन दिवसांनी तोच काढून, पुसून पुन्हा बसवला. तीच रेघ. आठवड्याने तिसरा ड्रम आणला. तीच. ह्या एका ड्रमच्या किमतीत माझा महिना निघायचा आणि मी पंधरा दिवसांत तीन खराब केले होते.

ताईंनी तिन्ही वेळची पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली. म्हणाल्या, "म्हात्रे, तिन्ही ड्रमना एकाच जागी कशी लागेल रेघ? ड्रम वाईट नाही. बसवता ती जागा वाईट आहे. आत जाताना काहीतरी घासतंय."

एवढं बोलून त्या वर्तकसाहेबांकडे फाइल द्यायला गेल्या. मी ड्रम पूर्ण बाहेर काढला, जमिनीवर पालथा पडलो आणि टॉर्च मारला. ड्रम ज्या खाचेवरून सरकतो तिच्या अगदी शेवटी कुंकवाने घट्ट चिकटलेला तांदळाचा दाणा होता. सुकून खड्यासारखा झालेला. ड्रम आत जाताना शेवटच्या अर्ध्या इंचात त्याच्यावर घासायचा.

चिमट्याने काढला. खोलीत कुणी नव्हतं. दाणा खिशात टाकला. ताई परत यायच्या आत मी खाच स्पिरिटने पुसूनही टाकली होती.

आता सर्व्हिस रिपोर्टमध्ये कारण लिहायचं होतं. त्यावर छापलेले पर्याय दोनच असत: भाग सदोष, किंवा ग्राहकाकडून हाताळणी. इंजिनिअरची चूक असा रकाना छापायचं कुणाला सुचलं नव्हतं. भाग सदोष लिहावं तर तिन्ही ड्रम कंपनी तपासायला मागवणार, ओरखडा पाहून विचारणार. मला आधीच एक ताकीद मिळालेली होती, दुसरी मिळाली तर घरी. मुलं शाळेत होती. ही कारणं आहेत, सबबी म्हणून देत नाही. मी दुसऱ्या रकान्यावर खूण केली आणि खाली लिहिलं: "बाहेरची वस्तू आत गेल्याने ड्रम खराब. हाताळणीत निष्काळजीपणा." नाव कुणाचंच लिहिलं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो, की बाबा, तू नाव कुठे लिहिलंस?

पण त्या मशीनला रोज हात लावणारं माणूसच एक होतं, आणि पूजेच्या अक्षता कुणाला आठवल्या नाहीत.

नाईक म्हणाले, "पूजेला उभं राहायचं नाही, आणि मशीन हिच्याच ताब्यात. मग दुसरं काय होणार?" मी तिथेच होतो, बॅग भरत. ऐकलं. चेन लावली.

जाताना ताईंनी जिन्यात गाठलं. "वस्तू काय होती हो?"

"लहानशी होती. पडली कुठेतरी."

"मला दाखवायची होती. पुढच्या वेळी लक्ष ठेवलं असतं."

पुढची वेळ आली नाही. महिन्याभरात त्यांची बदली बंदराजवळ द्रोणागिरीला, कंपनीच्याच गोदामात झाली, फाटकावर येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. जुईनगरहून तेव्हा दोन बस बदलून जावं लागायचं. त्यांची मुलगी दहावीला होती. सकाळी साडेसहाला डबा हातात घेऊन बसच्या रांगेत उभ्या असलेल्या ताई मला दिसायच्या. मी फुलपुडी घ्यायला दुसऱ्या रस्त्याने जायला लागलो. वर्षभराने त्या द्रोणागिरीच्याच बाजूला राहायला गेल्या, मग दिसायच्याही थांबल्या.

बेलापूरचं मशीन नंतर ज्याच्या हातात गेलं त्याने वर्षात त्याचा खुळखुळा केला. मला त्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि दोन्हींची लाज वाटली.

पुढे मी कंपनी सोडली, जुईनगरलाच स्वतःचं छोटं सर्व्हिस सेंटर टाकलं. बरं चाललंय. मुलं मार्गी लागली, काम आवडीचं आहे, दुपारी घरी येऊन गरम जेवतो. माणसाला अजून काय लागतं? फक्त दसऱ्याला माझ्या दुकानात मशीनवर नुसतं एक फूल असतं, दरवाजे बंद, वायर काढलेली. बायको दर वर्षी म्हणते, "हळद नाय, कुंकू नाय, अक्षता नाय. ह्यो कसला दसरा हाय तुमचा?" मी म्हणायचो, "टेक्निकल आहे, तुला नाही कळायचं."

गेल्या हिवाळ्यात द्रोणागिरीहून फोन आला. रंगीत मशीन, पानावर तेलकट डाग, ठरावीक अंतराने. पत्ता लिहून घेताना माझ्या लक्षात आलं नाही. कंपनीचं नाव बदललं होतं. गेलो, आणि कागदपत्रांच्या विभागात काचेपलीकडे ताई बसलेल्या.

मला बघून त्या उठल्या. "अगंबाई, म्हात्रे! अहो, केस कुठे ठेवून आलात?"

माझे गळले होते, त्यांचे पांढरे झाले होते. आता त्या विभागाच्या प्रमुख होत्या, हाताखाली चौघं. फाटकावरून इथवर कशा पोचल्या ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. फाटकावर कागद चुकीचे यायचे, त्या तिथेच पकडायच्या. शेवटी वरच्यांना वाटलं, बाईला आतच बसवलेलं बरं.

डागाची पानं तारखेवार लावलेली होती. अंतर त्यांनीच मोजून ठेवलं होतं. "गरम रूळ असणार," त्या म्हणाल्या. "खोक्यांवर लावायच्या स्टिकरचं अर्धं वापरलेलं पान कुणीतरी परत मशीनमध्ये घातलंय. मोकळ्या जागेचा गोंद वितळून रुळाला चिकटला. बरोबर?"

बरोबरच होतं. उघडून बघितलं तर रुळावर गोंदाचा चट्टा. सवयीने मी विचारलं, "कुणी घातलं?"

"ते मी शोधत नाही," त्या म्हणाल्या. "शोधलं, की पुढच्या वेळी लोक लपवतात. चौघांना उभं केलं, अर्धं पान परत घालायचं नाही एवढं सांगितलं, संपलं."

माझ्या हातात तो निवलेला रूळ होता. तो मी खाली ठेवला. म्हटलं, "ताई, बेलापूरचे ते तीन ड्रम. ते माझ्यामुळे गेले. आत अक्षता होती, मी टाकलेली. दाणा मला सापडला होता. तुम्ही सांगितल्या जागीच सापडला. मी खिशात घातला आणि रिपोर्टवर तुमच्यावर ढकललं."

ताईंनी समोरच्या कागदांचा गठ्ठा उचलून टेबलावर आपटून सारखा केला. पुन्हा केला.

"अक्षता?"

"हो."

"माझ्या डोक्यात बारा वर्षं स्टेपलची पिन आहे, म्हात्रे." आवाज चढलेला नव्हता. "मला वाटत होतं, आपलीच एखादी नजर चुकली. आपणच एवढा डबाबिबा ठेवून बसलो, लोकांना परत पाठवलं, आणि पिन आपल्याच हातून गेली. लेकीला पण तेच सांगितलं. ती भांडायला निघाली होती ऑफिसात. मी म्हटलं, नाही बेटा, आईची चूक झालीये. चूक झाली की मान खाली घालून मान्य करावी."

मी म्हटलं, "माफ करा."

"माफी राहू द्या बाजूला. आधी तिला सांगा."

आणि त्यांनी फोन लावला. मुलगी आता ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. "मीटिंगमध्ये असलीस तर बाहेर ये," ताई म्हणाल्या, "एक जण बोलणार आहेत तुझ्याशी," आणि फोन माझ्या हातात दिला. मी सगळं पुन्हा सांगितलं. जिला दप्तर घेऊन जाताना पाहिलं होतं त्या मुलीला, अक्षता, खिसा, रिपोर्ट. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

मग ती म्हणाली, "काका, माझी आई अजून माझे कागद स्वतः तपासते. मला म्हणते, मी एकदा चुकलेय, माझ्यावर जाऊ नकोस." आणि लगेच, "तिला द्या फोन."

ताई फोन घेऊन खिडकीशी गेल्या. मला एवढंच ऐकू येत होतं: "हो... हो गं... नाही, रडत कुठे? ... अगं, आता नको चिडू, रूळ काढून बसलाय बिचारा, मशीन उघडं आहे माझं."

त्या परत आल्या. चहा मागवला, मलाही दिला. मला वाटलं होतं, हाकलून देतील. बरं झालं असतं तसं झालं असतं तर, असंही वाटलं. पण त्यांनी फक्त विचारलं, "बाकीच्यांचं काय? वर्तकसाहेब, नाईक?"

म्हटलं, "साहेब रिटायर झाले. त्यांच्याकडे जाऊन येईन. नाईकांचा पत्ता नाही. बाकीचे पांगले."

साहेबांकडे मी खरंच गेलो नंतर. ते म्हणाले, "अहो, सोडा, जुनी गोष्ट." मी सोडलं नाही, पूर्ण सांगून आलो. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईंना फोन केला, हे मला ताईंकडून कळलं. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "उद्या त्यांना जेवाला बोलवा. येनार नाय त्या, पन बोलवा." बोलावलं. आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात लेकीला घेऊन आल्या. मुलगी माझ्याशी फारशी बोलली नाही. जेवली मात्र पोटभर, आणि निघताना बायकोच्या पाया पडली.

ह्या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी ताईंना विचारलं, लिहू का? म्हणाल्या, लिहा. म्हटलं, तुमचं नाव बदलतो, काळजी करू नका.

"बदलता कशाला?" त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही नाव लिहिलं नव्हतंत, तरी सगळ्यांना कळलं. आता पूर्ण लिहा."

तर लिहितो. सुनंदा प्रल्हाद वाघमारे. बेलापूरच्या त्या ऑफिसातलं रंगीत मशीन त्यांनी चार वर्षं सांभाळलं, आणि त्यांच्या हातून त्याला एक ओरखडाही पडला नाही. तीन ड्रम खराब झाले ते मी केले. बिघाड कुठे आहे हे शोधलं त्यांनी. मी फक्त वाकून टॉर्च मारला.